‘ऑरेंज’ नेमका कुणाचा?

नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन सध्या खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते. पुढे ती कन्हान नदीपर्यंत येणार आहे. या १३ किलोमीटरच्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मेट्रो येईल तेव्हा येईल. पण तिच्या नावातला शब्द इथे परका नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इंग्रजीने ‘ऑरेंज’ फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये नामाआधी ‘एक’ या अर्थाचा शब्द लागतो. त्याच्या शेवटच्या ‘न’मध्ये फळाच्या नावातला पहिला ‘न’ मिसळून गेला. स्पॅनिश ‘नारांखा’त तो अजून शाबूत आहे. स्पेनमध्ये हे फळ अरबांनी नेले, तेव्हा ते आंबट-कडू होते. अरबी नाव ‘नारंज’, कारण प्रमाण अरबीत ‘ग’चा उच्चार नाही. अरबांनी ते फारसी ‘नारंग’वरून घेतले. त्यामागे संस्कृत ‘नारंग’ आणि त्याहीमागे द्राविडी भाषा आहेत, असे अभ्यासक मानतात. आपली ‘नारिंगी’ याच कुळातली.

आता यातली कोणती कडी परकी म्हणून काढून टाकायची? फारसी, अरबी काढा. ‘ऑरेंज’ इंग्लंडपर्यंत पोहोचतच नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. ‘तुमचे शब्द बाहेरचे,’ हा टोमणा आपल्यातल्या अनेकांनी ऐकला आहे. टोमणा मारणाऱ्याला कन्हानचा पत्ता लिहायला सांगा: तालुका पारशिवनी, जिल्हा नागपूर. ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ दोन्ही अरबीतून आलेले. ज्यावर लिहायचे तो ‘कागद’ फारसी. माधव ज्यूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, कारण मराठी नीट समजायला फारसी लागते.

पण आरसा आपल्याकडेही वळवू या. मराठी ‘त्यांची’ भाषा, ती शाळेपुरती, असे आपल्याही काही घरांत म्हटले जाते. काही जणांना तर शब्द जितका अरबी तितका पाक वाटतो. शुद्धतेचा हा हट्टही त्या टोमण्याइतकाच पोकळ आहे. ज्या मराठीत आपण बाजारात भाव करतो, अर्ज लिहितो, भांडतो, ती आपलीच आहे. तिच्यात लिहायला आणि मंचावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या वेळी कुणी भाषेवरून डिवचले, तर आवाज चढवू नका. एक संत्रे सोला, अर्धे त्याला द्या आणि ‘ऑरेंज’ची ही गोष्ट सांगा.