रत्नाकराची रिती होत चाललेली ओंजळ

श्रावणी पौर्णिमेला कोकणच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणूक निघते, सोनेरी वेष्टनातला नारळ दर्याला अर्पण होतो आणि मगच होड्या पाण्यात लोटल्या जातात. शहरी माणसाच्या लेखी हा एक रंगीत सण आणि ताटात नारळीभात. प्रत्यक्षात त्या नारळामागे एक कडक नियम होता. ज्येष्ठ-आषाढाचे दिवस म्हणजे खवळलेला समुद्र आणि अनेक जातींच्या मासळीचा विणीचा हंगाम. त्या काळात जाळे टाकायचे नाही, हा नियम कोणत्याही विधिमंडळाने केलेला नव्हता. तो समाजाने स्वतःवर घालून घेतला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला होता.

आज पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची शासकीय मासेमारी बंदी आहे. नारळी पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टमध्ये, कधी कधी अगदी महिनाअखेरीस येते. परिणामी अनेक वर्षी नारळ वाहण्यापूर्वीच यांत्रिक नौका समुद्रात गेलेल्या असतात. सण उरला, त्यातला संयम गेला. अरबी समुद्राच्या आजच्या दुखण्याचे मूळ शोधायचे, तर आरंभ येथूनच करावा लागेल.

समुद्राचा श्वास

अरबी समुद्र हा जगातील विलक्षण समुद्रांपैकी एक. तो उत्तरेला जमिनीने बंद झालेला आहे. नैऋत्य मान्सूनचे वारे पृष्ठभागाचे पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती, म्हणजेच वनस्पतिप्लवक, अफाट वाढतात. त्यांच्यावर कोळंबी, तारली, बांगडा आणि पुढची सारी अन्नसाखळी पोसली जाते. याच समृद्धीची दुसरी बाजू अशी की, मेलेले प्लवक तळाकडे जाताना कुजते आणि पाण्यातील प्राणवायू संपवते. त्यामुळे सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असलेला एक विस्तीर्ण थर येथे कायमचा वसला आहे. १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून झालेल्या जॉन मरे मोहिमेनेही त्याच्या नोंदी घेतल्या होत्या.

म्हणजे हा थर निसर्गदत्तच आहे. माणसाने त्यात भर घातली. गोव्यातील दोनापावला येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून या समुद्राचा अभ्यास करीत आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे प्राणवायूहीन पाणी भारताच्या किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते. ही स्थिती अधिक तीव्र होत असून शेतातून वाहून येणारी नत्रयुक्त खते हे त्यामागचे संभाव्य कारण आहे, असा इशारा डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच दिला होता. शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणीही तेच काम करते. घाटमाथ्यावर पडलेले जादा खत आणि महानगराच्या गटारातले पाणी यांचा हिशेब शेवटी समुद्रालाच चुकवावा लागतो.

दुसरा आघात उष्णतेचा. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर पोटात घेतात. पृष्ठभाग तापला की वरचे पाणी हलके होऊन तरंगत राहते आणि खालचे क्षार वर येईनासे होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवकात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली आहे. कुरणच विरळ झाले तर गुरे कशावर जगणार? त्याच तापलेल्या पाण्यावर वादळेही पोसली जातात. जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ज्यांनी सोसले, त्या रायगड-रत्नागिरीच्या बागायतदारांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

विज्ञान कोणाच्या हाती?

समुद्र असा दुर्बळ होत असताना त्याच्यावरची माणसाची पकड मात्र घट्ट होत गेली. पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने टिपून मासळी कोठे सापडेल याचा अंदाज हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना पुरवते. त्याने इंधन व श्रम वाचतात, यात शंका नाही. परंतु मासळी शोधण्याचे शास्त्र जितक्या वेगाने किनाऱ्यावर पोहोचले, तितक्या वेगाने मासळी राखण्याचे शास्त्र पोहोचले नाही. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करायची आणि पर्ससीन जाळ्याने थवेच्या थवे उचलायचे, हा प्रकार पारंपरिक रापणकरांच्या पोटावर पाय देणारा ठरला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०२१ मध्ये सागरी मासेमारी अधिनियमातील दंड कठोर केले. तरीही सिंधुदुर्गातील मच्छीमारांना रात्री क्षितिजावरचे दिवे दाखवत आंदोलन करावे लागते, यातच अंमलबजावणीची अवस्था स्पष्ट होते.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात केवळ २.०१ लाख टन मासळी उतरली. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे दिवस घटले होते, हे खरे. पण एका वर्षाच्या वादळांनी भांडार इतके खाली जाते, याचा अर्थ ते आधीच पोखरले गेले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेतला पाहिजे. यांत्रिकीकरणाला शासनानेच अनुदान दिले, निर्यातीतून परकीय चलन मिळाले आणि हजारो घरे उभी राहिली. मग आज नौकामालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? प्रश्न रास्त आहे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या तांडेलाला ‘संयम पाळा’ असे सांगणे सोपे असते. म्हणूनच संयमाची किंमत त्याच्या एकट्याच्या माथी मारता कामा नये. बंदीच्या काळात त्याला पुरेसे साह्य मिळाले पाहिजे आणि नियम तोडणाऱ्या बलदंड नौकेवर कारवाई झालेली त्याला दिसली पाहिजे. आपण नियम पाळला तर शेजारचा लुटून नेईल, ही भीती असेतो कोणताही कायदा कागदावरच राहतो.

बाजारातील पिशवी

२०२३ मध्ये राज्य शासनाने सरंगा अर्थात पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवण्यात आले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते पकडू नये, असा हा नियम. एकदाही विण्यापूर्वी मासा मारला गेला तर पुढची पिढी येणार कोठून, एवढे साधे गणित त्यामागे आहे. पण बाजारात तळहातावर मावणारी पापलेटे आजही दिसतात, कारण ती घेणारी पिशवी तेथे उभी असते. ही पिशवी बहुधा सुशिक्षित मध्यमवर्गीय घरातली असते. गोठ्यातले वासरू विकायला काढले तर ज्या समाजाचा जीव कळवळतो, त्याला समुद्रातल्या पिल्लाचे काहीच वाटू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

समाजाने मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला. ज्या गावात पूर्वी अंडी चोरीस जात, तेथे आज पिल्ले समुद्राकडे झेपावताना पाहण्यासाठी पर्यटक येतात आणि घरोघरी त्यांचा पाहुणचार होतो. तेथे बंदुकीचा पहारा बसला नाही; गावाने कासवाला आपले मानले, एवढेच.

मासळीच्या बाबतीतही मार्ग अवघड नाही. बंदीचा काळ नारळी पौर्णिमेशी पुन्हा जोडावा, ही अनेक मच्छीमारांची मागणी शासनाने गांभीर्याने घ्यावी. लहान मासळीची तपासणी अथांग समुद्रात शक्य नसेल, तर ती बंदरावर आणि बाजारात व्हावी. किनाऱ्यावरील प्रत्येक नगरपालिकेला सांडपाण्याचा हिशेब द्यावा लागावा. आणि गृहिणीने कोळणीला एवढेच सांगावे, ‘मावशी, पिल्लं नकोत, मोठी असेल तेव्हा नेईन.’ कोळीण हुशार असते. जे खपत नाही ते ती दुसऱ्या दिवशी पाटीत ठेवत नाही.

पूर्वजांनी समुद्राला ‘रत्नाकर’ म्हटले, ते त्याच्या खजिन्याची लूट करण्यासाठी नव्हे. त्याच्या दारी जाताना हातात नारळ घेऊन जावे आणि त्याने दिले तेवढेच घेऊन परतावे, ही त्यामागची वृत्ती होती. ती वृत्ती परत आली नाही, तर नारळ वाहण्याचा सण राहील, मिरवणूकही निघेल. पण होडी लोटायला कोळ्याचा मुलगा किनाऱ्यावर उरणार नाही.