विश्लेषण : हवा दाबून वीज साठवता येते, पण ठाणे-कल्याणला ती परवडेल का?

दुपारी सौरऊर्जा मुबलक आणि स्वस्त, तर संध्याकाळी दिवे, पंखे, एसी, लिफ्ट सुरू झाल्यावर वीज महाग. ही दरी भरण्यासाठी जगभर वीज साठवण्याचे वेगवेगळे मार्ग शोधले जात आहेत. त्यातला एक मार्ग म्हणजे दाबलेली हवा, अर्थात ‘कॉम्प्रेस्ड एअर’. चीनने यात मोठी झेप घेतल्यावर भारतातही या तंत्रज्ञानाची चर्चा सुरू झाली आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या आणि उद्योगांच्या पट्ट्याला त्याचा उपयोग किती, याचा हा आढावा.

साठवणुकीचा प्रश्न आताच का?

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार ठाणेकर-कल्याणकर विसरलेले नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातील ४०० केव्हीच्या वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा कोसळला. करोनाकाळात फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावणाऱ्या लोकल जागीच थांबल्या, प्रवाशांना रुळांवरून चालावे लागले. त्या दिवशी जवळपास विजेचा साठा असता तर अंधार टळलाच असता, असे म्हणता येणार नाही. पण बाहेरून येणारी वाहिनी तुटल्यावर रुग्णालये, पाणीपुरवठा आणि रेल्वे सावरण्यासाठी लागणारा वेळ अशा साठ्यातून मिळतो.

दुसरे कारण रोजचे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॅट सौर क्षमतेचे उद्दिष्ट आहे. म्हणजे शेतीपंपांचा भार दिवसा सरकेल आणि संध्याकाळची मागणी प्रामुख्याने शहरांची राहील. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दरआदेशानेही हेच चित्र अधोरेखित केले. उद्योगांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत जादा आकार. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीत दुसरी पाळी चालवणाऱ्या लघुउद्योजकाला साठवणुकीचे महत्त्व आता थेट बिलात दिसते.

हवेत वीज साठते कशी?

तत्त्व सोपे आहे. वीज स्वस्त असताना कॉम्प्रेसर चालवून हवा दाबायची आणि बंदिस्त जागेत भरून ठेवायची. वीज महाग झाली की ती हवा टर्बाइनमधून सोडायची, टर्बाइन जनरेटर फिरवते आणि वीज परत मिळते. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर, कारखान्यातील हवेवर चालणारी अवजारे आणि लोकलचे ब्रेक याच दाबलेल्या हवेवर काम करतात. फरक फक्त प्रमाणाचा आहे.

अडचण उष्णतेची आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हा अनुभव सर्वांचा. मोठ्या प्रकल्पात हीच हवा काही शे अंशांपर्यंत तापते. ती उष्णता वाया गेली तर वापरलेल्या विजेतला मोठा हिस्साही गेला. उलट, हवा मोकळी सोडताना ती इतकी थंड होते की टर्बाइनमध्ये बर्फ साचू शकतो. म्हणून जुन्या प्रकल्पांत हवा सोडताना नैसर्गिक वायू जाळून ती पुन्हा तापवतात. नव्या प्रकल्पांत दाबताना निर्माण झालेली उष्णता तेलात, पाण्यात किंवा अन्य माध्यमात साठवून परत वापरतात. इंधनाची गरज त्यामुळे संपते. हे तंत्रज्ञान पुन्हा चर्चेत आले ते याच सुधारणेमुळे.

जगात ते कुठे चालते?

जर्मनीतील हुंटोर्फ येथे १९७८ मध्ये पहिला प्रकल्प सुरू झाला. मिठाच्या थरांत खोलवर तयार केलेल्या दोन पोकळ्यांत तिथे हवा साठवली जाते. दोन्हींची मिळून जागा सुमारे ३ लाख १० हजार घनमीटर. सुरुवातीची क्षमता २९० मेगावॅट. संपूर्ण अंधार झाल्यावर जवळच्या वीज केंद्रांना पुन्हा सुरू होण्यासाठी वीज देणे, हाही त्याचा एक हेतू होता. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मॅकिंटॉश येथे १९९१ मध्ये ११० मेगावॅटचा दुसरा प्रकल्प आला. त्यानंतर तीन दशके या क्षेत्रात मोठे काही घडले नाही.

कोंडी फोडली चीनने. २०२२ मध्ये झांगजियाकोऊ येथे १०० मेगावॅटचा आणि २०२४ मध्ये शांडोंग प्रांतातील फेइचेंग येथे ३०० मेगावॅटचा, सलग सहा तास वीज देऊ शकणारा प्रकल्प जोडला गेला. हुंटोर्फची कार्यक्षमता सुमारे ४२ टक्के, मॅकिंटॉशची ५४ टक्के, तर फेइचेंगची ७२ टक्के असल्याचा दावा आहे. म्हणजे १०० युनिट घातले तर ७२ परत. लिथियम बॅटरी मात्र ८५ ते ९० युनिट परत देते.

सोसायटीच्या तळघरात हवेची टाकी बसवता येईल?

समाजमाध्यमांवर अशा कल्पना अधूनमधून फिरतात. त्या आकड्यांवर तपासून पाहिलेल्या बऱ्या. वर्कशॉपमध्ये दिसणारी ५०० लिटरची टाकी वातावरणाच्या दहापट दाबाने भरली तर तिच्यात सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त ०.२ युनिट ऊर्जा असते. निम्मी हाती लागली तरी ०.१ युनिट. एवढ्यात छताचा एक पंखा सव्वा तास चालेल. घरगुती इन्व्हर्टरच्या १५० अॅम्पिअर-तासांच्या एका बॅटरीत याच्या अठरापट, म्हणजे १.८ युनिट मावतात.

दाब वाढवला तर? समजा, एका सोसायटीला संध्याकाळच्या लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी ६० युनिट हवेत. सीएनजी रिक्षाच्या सिलिंडरइतक्या, म्हणजे २०० बार दाबाने हवा भरली आणि निम्मी ऊर्जा परत मिळाली, तर सुमारे पाच घनमीटर जागा लागेल. म्हणजे ५० लिटरचे १०० सिलिंडर. त्यांची तपासणी, परवानगी आणि धोका वेगळाच. तेवढेच काम एका इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीएवढ्या संचात होते.

ही मर्यादा मोटार उद्योगानेही अनुभवली. टाटा मोटर्सने २००७ मध्ये ‘एमडीआय’ या युरोपीय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या मोटारीसाठी करार केला होता. बातम्या खूप झाल्या, मोटार बाजारात आली नाही. हवेचा साठा स्वस्त पडतो तो जमिनीखाली लाखो घनमीटर जागा मिळते तेव्हा. घरगुती किंवा सोसायटीच्या पातळीवर तो विकत घेण्याचा विचारही करू नये.

मग सह्याद्रीच्या कातळात पोकळी का नको?

हा प्रश्न जास्त गंभीर आहे. मिठाच्या थरात पाणी सोडून मीठ विरघळवले की पोकळी स्वस्तात तयार होते आणि मीठ स्वतःच हवा धरून ठेवते. ठाणे जिल्ह्याच्या खाली मात्र मीठ नाही, बेसाल्ट आहे. कोयनेच्या भूमिगत वीजगृहापासून मुंबईच्या जलबोगद्यांपर्यंत बेसाल्ट खोदण्याचा अनुभव महाराष्ट्राकडे भरपूर आहे. पण बोगदा खोदणे आणि वातावरणाच्या साठपट दाबाची हवा वर्षानुवर्षे गळती न होता धरून ठेवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दख्खनचा बेसाल्ट एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. थरांच्या मध्ये सच्छिद्र पट्टे, तांबड्या मातीचे थर आणि भेगा असतात. कॅनडाच्या हायड्रोस्टोर कंपनीने कठीण खडकातील पोकळीत पाण्याच्या दाबाने हवा धरण्याची पद्धत आणली आहे. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल येथे २०० मेगावॅटचा असा प्रकल्प प्रस्तावित आहे. तो चालला तर बेसाल्टची तपासणी करण्यात अर्थ आहे. त्याआधी नाही.

शिवाय याच जिल्ह्यात एक पर्याय आधीपासून काम करतो आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा वरचा जलाशय अकोले तालुक्यात, तर खालचा शहापूर तालुक्यातील चोंढे येथे आहे. स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. क्षमता २५० मेगावॅट, सुरुवात २००८. तत्त्व हवेच्या साठ्याचेच, माध्यम पाण्याचे. अशा प्रकल्पांत ७५ ते ८० टक्के वीज परत मिळते. टाटा पॉवरचा कर्जत तालुक्यातील भिवपुरीचा १,००० मेगावॅटचा प्रकल्प आणि नाशिक-ठाणे सीमेवरील भावलीचा १,५०० मेगावॅटचा प्रस्ताव याच प्रकारचे आहेत.

या प्रकल्पांची किंमत मात्र फक्त रुपयांत मोजून चालणार नाही. मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि तिथल्याच अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नवे जलाशय त्याच डोंगरांत येणार असतील, तर जंगल, जमीन आणि पाणी यांचा हिशेब आधी मांडायला हवा. हवेच्या साठ्याची खरी जमेची बाजू इथे आहे. जमिनीवर त्याला जागा कमी लागते आणि गाव बुडवावे लागत नाही.

बाजाराचे गणित काय सांगते?

आज तरी ते बॅटरीच्या बाजूने आहे. २०२२ मध्ये केंद्रीय निविदेत बॅटरी साठवणुकीचा दर एका मेगावॅटला महिना सुमारे १० लाख ८४ हजार रुपये होता. २०२५ मध्ये तो दोन लाखांच्या आसपास आला. इतक्या वेगाने स्वस्त होणाऱ्या वस्तूशी स्पर्धा करणे कोणत्याही जमिनीखालच्या बांधकामाला कठीण.

कार्यक्षमतेचाही फटका बसतो. समजा, दुपारी तीन रुपये युनिटने वीज घेतली. बॅटरीतून ती परत घेताना फक्त विजेचा खर्च साडेतीन रुपये पडतो, ६० टक्के कार्यक्षमतेच्या हवेच्या साठ्यातून पाच रुपये. भांडवल आणि देखभाल त्यावर वेगळी.

तरीही हवेला दोन बाबींत वाव आहे. पहिली, तास. बॅटरीची क्षमता दुप्पट तास चालवायची तर बॅटऱ्याही जवळपास दुप्पट लागतात. हवेच्या साठ्यात यंत्रे तीच राहतात, फक्त पोकळी मोठी करावी लागते. आठ-दहा तासांच्या साठ्यात त्यामुळे गणित बदलते. दुसरी, आयुष्य. हुंटोर्फ चार दशकांहून अधिक काळ चालले आहे. बॅटरी तितकी टिकत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ हजार मेगावॅट साठवणूक लागेल. तीत ४७ हजार मेगावॅट बॅटरी आणि २७ हजार मेगावॅट उदंचन प्रकल्प धरले आहेत. हवेचा स्वतंत्र वाटा त्यात नाही. केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केलेली व्यवहार्यता तफावत निधीची योजनाही बॅटरीपुरती आहे. दुसरीकडे एनटीपीसीने सोलापूरच्या पलीकडे, विजयपूर जिल्ह्यातील कुडगी औष्णिक केंद्रात १६० मेगावॅट-तासांचा साठा हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड दाबून करण्याचे काम दिले आहे. त्याला जमिनीखालची पोकळी लागत नाही. हवेच्या भावंडाची भारतातली ही पहिली मोठी परीक्षा ठरेल.

मग ठाणे-कल्याणने काय मागावे?

पहिले, शहरातील उपकेंद्रांजवळ बॅटरीचे साठे. ते लवकर उभे राहतात आणि जागा कमी घेतात. पण सुरक्षेच्या अटी कडक हव्यात. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे बॅटरी केंद्राला लागलेली आग आणि मे २०२४ मधील डोंबिवली एमआयडीसीतील स्फोट पाहता, वस्तीपासूनचे अंतर आणि अग्निशमन आराखडा लोकांसमोर आधी मांडला पाहिजे.

दुसरे, निविदा तंत्रज्ञानाच्या नावाने नव्हे, तर सेवेच्या मापाने काढाव्यात. किती तास, किती वर्षे आणि अंधार झाल्यावर किती मिनिटांत पुरवठा, हे ठरवावे. त्यात बॅटरी जिंकेल, पाणी जिंकेल किंवा उद्या हवाही जिंकेल. अनुदान एकाच तंत्रज्ञानापुरते ठेवून बाकीच्यांना स्पर्धेबाहेर ठेवणे ग्राहकाच्या हिताचे नाही.

तिसरे काम कारखान्यांनी उद्याच करण्यासारखे आहे. दाबलेल्या हवेची २० ते ३० टक्के गळती हे ऊर्जा तपासणीत नेहमी आढळणारे चित्र आहे. संध्याकाळच्या महाग विजेवर कॉम्प्रेसर चालवून ती हवा फाटक्या पाइपातून सोडण्यापेक्षा पाइप बदलणे कधीही स्वस्त.

दाबलेल्या हवेचा साठा ही फसवी कल्पना नाही. राजस्थानच्या मिठाच्या थरांत तो उद्या उभा राहू शकतो. पुण्याजवळ दशकानुदशके कॉम्प्रेसर बनवणाऱ्या उद्योगांना त्यात कामही मिळू शकते. मात्र ठाणे-कल्याणच्या संध्याकाळच्या विजेचा प्रश्न पुढच्या पाच वर्षांत सोडवायचा असेल, तर हवेची वाट पाहत बसण्यात हशील नाही. बॅटरी आज उपलब्ध आहे, घाटघरचे पाणी आजही वीज देते आहे. पुन्हा एखाद्या सकाळी कळवा-पडघा वाहिनी पडली, तर रुग्णालये, पाणी आणि लोकलसाठी किती मेगावॅट साठा कुठे तयार असेल, याचे उत्तर महावितरण, महापारेषण आणि दोन्ही महापालिकांनी लेखी द्यायला हवे.