एका पातेल्याचे अर्थकारण

गेल्या डिसेंबरच्या आरंभी मुंबईस जाणे झाले, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास आग्रहाने एका चिनी उपाहारगृहात नेले. मेजाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर उकळत्या रश्श्याचे पातेले आणि पातेल्याचे दोन भाग करणारा नागमोडी पत्रा; एका बाजूस फिका रस्सा, दुसऱ्या बाजूस लालभडक. भोवती कच्च्या जिनसांच्या ताटल्या मांडलेल्या : मांसाचे कागदासारखे पातळ काप, मासळीचे तुकडे, अळंबी, पालेभाजी, सोयाबीनचे पनीर. ज्याने त्याने हवे ते उचलावे, रश्श्यात बुडवावे आणि शिजले की खावे. ‘हॉट पॉट’ या नावाने हा प्रकार आता आपल्या महानगरांतून मिळू लागला आहे. जेवण रुचकर होते. मात्र बिल आले तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या मनात एक शंका उभी राहिली. स्वयंपाक तर आम्हीच केला होता. मग पैसे नेमके कशाचे दिले?

या शंकेचे उत्तर मुंबईत सापडले नाही. ते शोधण्याची निकड भासली ती त्याच महिन्याच्या अखेरीस, कुणकेश्वरी. नाताळच्या सुटीमुळे देवळापासून किनाऱ्यापर्यंत मोटारींची रांग लागली होती. दर्शन आटोपून मंडळी वाळूत उतरत होती आणि दिवेलागणीस त्यांची पावले वळत होती ती लाल अक्षरांत ‘चायनीज’ असे लिहिलेल्या गाड्यांकडे. पाठीमागे अरबी समुद्र, समोर नूडल्सची बशी, हे दृश्य पाहून बरोबरचे एक शिक्षक स्नेही उद्वेगाने म्हणाले, “कोकणात येऊन हे खायचे असेल तर घरी काय वाईट होते?”

ही तक्रार आता सार्वत्रिक आहे. परंतु तिच्यात जो शुद्धतेचा अभिमान डोकावतो तो तपासून पाहिला तर फारसा टिकत नाही. ज्या मिरचीवाचून आपले तिखले होत नाही ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. काजूही तसाच आला. ज्या हापूसच्या नावावर देवगड तालुका ओळखला जातो त्या हापूसचे नावसुद्धा पोर्तुगीज आहे. उलट, ज्याला आपण खास आपले समजतो ते बांगड्याच्या तिखल्यातील तिरफळ घ्या. सिचुआन प्रांतातील हॉट पॉटमध्ये जिभेला मुंग्या आणणारा जो मसाला असतो तो याच तिरफळाच्या कुळातला. त्या लाल रश्श्याचा पहिला घोट घेताना आजीच्या हातच्या कालवणाची आठवण झाली ती उगीच नव्हे. आणि गाडीवरचे ‘चायनीज’ तरी चीनमधले कोठे आहे? कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून ‘चिकन मंचुरियन’ सिद्ध केले, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. म्हणजे गाडीवरचा पदार्थ परका नाही. तो आपल्याच महानगरांचा आहे.

बाहेर जेवण्याच्या प्रथेलाही नाक मुरडण्याचे कारण नाही. जेथे कोणाच्या पंक्तीला कोणी बसावे हे जन्माने ठरत होते, तेथे पैसे मोजून कोणाच्याही शेजारी बसता येणे ही लहानसहान क्रांती नव्हती. रत्नागिरीत १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले, हे विसरून चालणार नाही. तेव्हा प्रश्न रुचीचा नाही आणि संस्कृतीचाही नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

समजा, एका पाहुण्याने किनाऱ्यावरील गाडीवर शंभर रुपये दिले. त्या रुपयांचा माग काढू. नूडल्स कारखान्यातून येतात, सॉसच्या बाटल्या कारखान्यातून येतात, कोबी आणि ढोबळी मिरची घाटावरून येते, तेल आणि गॅस बाहेरून येतो. मागे उरते ती गाडीवाल्या तरुणाची मजुरी आणि थोडा नफा. बाकीचे पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने घाट चढून परत जातात. आता तेच शंभर रुपये मासळीच्या ताटावर खर्च झाले असे समजू. मासळी जवळच्या बंदरावरची, नारळ आणि कोकम परसातले, तांदूळ बहुधा गावचा, रांधणारे हात घरचे. यातील बरेच रुपये गावातच राहतात. होडीवाला ते वाण्याकडे देतो, वाणी सुताराकडे, सुतार मुलाच्या शिकवणीसाठी. एकच रुपया गावात जितक्यांदा हात बदलतो तितकी गावाची मिळकत वाढते, हा आमच्या शास्त्रातील प्राथमिक धडा आहे. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी घागर भरत नाही.

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेव्हापासून आपण मोजत आलो ते किती पाहुणे आले हे. त्यांच्यामागून किती पैसा गावात मुरला, याची मोजणी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. वस्तुतः मोजायला हवे ते हेच.

परंतु एवढ्यावरून गाडीवाल्या तरुणाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पूर्वी घरगुती खानावळ चालवणाऱ्या आणि आता ती बंद केलेल्या एका बाईंना प्रस्तुत लेखकाने कारण विचारले. त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे असे होते. त्या म्हणाल्या, “मास्तरानू, मासो आज खपलो नाय तर उद्या टाकूचो लागता. त्येंच्या शेवयो पंधरा दिस रवतत.”

सारे मर्म या दोन वाक्यांत आहे. मासळीची खानावळ आणि नूडल्सची गाडी यांच्यातील स्पर्धा चवीची नसून जोखमीची आहे. सुरमईचा भाव सकाळी काय निघेल हे सांगता येत नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी. पाहुणा येईल की नाही हे त्याच्या सुटीवर अवलंबून. आणि आणलेला माल खपला नाही तर सारा तोटा एकटीच्या माथी. गाडीवाल्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. त्याचे भांडवल थोडे, माल टिकाऊ आणि पदार्थ पाच मिनिटांत तयार. ज्या मुलाच्या बापाकडे बाग नाही आणि होडीही नाही, त्याने गाडी निवडली तर त्याने शहाणपणाच केला. मुंबईची गाडी पकडण्याऐवजी तो गावात राहिला, हेही त्याच्या जमेस धरले पाहिजे.

येथे त्या चिनी पातेल्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार चोंगचिंग शहरातला. यांगत्से आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावरील धक्क्यावर राबणारे हमाल आणि नावाडी हे त्याचे जनक मानले जातात. चांगले मांस श्रीमंतांकडे जाई. यांच्या वाट्याला येई ती आतडी-कोथळी. ती त्यांनी तिखट रश्श्यात उकळून खाण्याजोगी केली. पातेल्यात जाळी बसवून नऊ खण पाडत, म्हणजे अनोळखी माणसांना एकाच शेगडीभोवती बसून आपापल्या खणात आपापले शिजवता येई. जळण एकाचे, रस्सा एकाचा, खर्च मात्र वाटून घेतलेला. गरिबांनी जोखीम आणि खर्च विभागण्याची काढलेली ही युक्ती होती. पुढे त्याच सिचुआन प्रांतातील च्यानयांग येथे १९९४ मध्ये निघालेले ‘हायदीलाओ’ हे हॉट पॉटचे उपाहारगृह इतके वाढले, की २०१८ मध्ये त्याच्या कंपनीची हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. धक्क्यावरच्या हमालांच्या जेवणाने मजल मारली ती अशी.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर देता येते. आम्ही पैसे दिले ते स्वयंपाकाचे नव्हे, व्यवस्थेचे. ताजा माल, तो नीट कापून मांडलेला, स्वच्छ जागा, हवे तेवढेच घेण्याची मुभा आणि प्रत्येक ताटलीची आधी ठाऊक असलेली किंमत, यांचे. कुणकेश्वरी नेमके हेच कमी आहे. माल आहे, हात आहेत, पाहुणा आहे, व्यवस्था नाही.

ती उभारण्यास फार मोठ्या योजनेची गरज नाही, आणि त्यासाठी किनाऱ्यावर हॉट पॉटचे दुकान थाटावे असेही सुचवायचे नाही. पाच-सहा घरांतील स्त्रियांनी एकत्र येऊन बर्फाची एक सामाईक पेटी ठेवली, तर न खपलेल्या मासळीचा तोटा एकीवर न पडता वाटला जाईल. आज काय आले आणि त्याचा भाव काय, हे रोज सकाळी फळ्यावर लिहिले, तर फसवले जाण्याच्या भीतीने गाडीकडे वळणारा पाहुणा ताटाकडे वळेल. ग्रामपंचायतीने पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची सोय असलेली एक जागा दिली, तर त्याच छपराखाली गाडीवाल्या तरुणालाही बसता येईल. त्याच्या कढईत कोबीऐवजी कोळंबी परतली जाण्यास कोणतीही अडचण नाही. देवदर्शनाला आलेल्या शाकाहारी माणसासाठी घावणे, शिरवळे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ आहेच. मासेमारी बंद असते त्या दिवसांतही हे पदार्थ चुलीवर ठेवता येतात.

यावर आक्षेप येईल, की भांडवल कोण देणार? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. कोकणातून गिरणीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांना मुंबईत ज्या स्त्रियांनी रांधून वाढले, त्यांच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या खानावळवाल्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. ते वर्षही १९७५ हेच होते. म्हणजे ज्या वर्षी, ज्या शहरात मंचुरियनचा जन्म झाल्याचे सांगतात, त्याच वर्षी, त्याच शहरात खानावळवालीची पत बँकेने मान्य केली. मंचुरियन कुणकेश्वरच्या वाळूपर्यंत येऊन पोहोचले. त्या पतीला मात्र अजून गावी परतण्याची वाट सापडलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की पाहुण्याला घाई असते. ताट वाढून होईपर्यंत तो थांबणार नाही. मुंबईच्या त्या उपाहारगृहात आम्ही दीड तास बसलो होतो आणि स्वतः शिजवत होतो. घाई कोणालाच नव्हती. थांबण्याजोगे काही असले तर माणूस थांबतो.

आपली भाकरी श्रेष्ठ की त्यांच्या शेवया, हा वाद घालत बसण्यात शिकल्यासवरलेल्या माणसांचा वेळ मजेत जातो. ज्यांची चूल त्यावर अवलंबून आहे त्यांना त्याचा काहीच उपयोग नसतो. त्या बाईंच्या घराच्या पडवीत खानावळीची बाके अजून रचून ठेवलेली आहेत. ती पुन्हा मांडली जावीत असे वाटत असेल, तर पाहुण्यांच्या रुचीवर टीका करण्याआधी न खपलेल्या एका बांगड्याचा तोटा कोणी सोसायचा, एवढे तरी गावाने एकत्र बसून ठरवावे.