मौनाची किंमत कोण मोजतो?

महाविद्यालयांचे नवे सत्र सुरू झाले, की प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून आणि त्याच्या पालकाकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र लिहून घेतले जाते. हमीपत्र फायलीत जाते, समितीच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर लागतात आणि व्यवस्थापनाचे कर्तव्य संपते. त्यानंतर वसतिगृहाच्या एखाद्या खोलीत मध्यरात्री नवख्या मुलाला ‘इंट्रो’साठी मान खाली घालून उभे केले जाते, तेव्हा तो फलक त्याच्या उपयोगी पडत नाही.

याचे खापर कायद्याच्या अभावावर फोडता येणार नाही. महाराष्ट्राने 1999 मध्येच रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय दोषी विद्यार्थ्यास पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, अशी त्यात तरतूद आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्राचार्याने चौकशी करावी. तथ्य दिसल्यास आरोपीस निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे द्यावे. कुचराई केल्यास अपराधास साहाय्य केल्याबद्दल प्राचार्यासही तीच शिक्षा व्हावी, असेही हा कायदा सांगतो. पुढे राघवन समितीच्या शिफारशींवरून सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आदेश दिले. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीय शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर दगावला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. तरीही प्रश्न जेथल्या तेथे आहे. असे का व्हावे?

याचे उत्तर हिशेबात आहे. तक्रार पोलिसांत गेली, तर संस्थेचे नाव वृत्तपत्रांत येते आणि पुढल्या वर्षीच्या प्रवेशांची चिंता लागते. तक्रार ‘सामोपचाराने’ मिटवली, तर संस्थेचे काहीच बिघडत नाही. वरिष्ठांना फुकटचे श्रम मिळतात. कोणी त्यांच्या वह्या लिहितो, कोणी रात्री चहा-सिगारेट आणून देतो. पाहणाऱ्यांना मौनाच्या बदल्यात सुरक्षितता मिळते. या सर्वांच्या सोयीची किंमत एकटा नवखा विद्यार्थी मोजतो. कधी शिक्षण सोडून, कधी प्राण देऊन. शिवाय आज सोसलेले उद्या दुसऱ्यावर वसूल करण्याचा हक्क त्यालाही मिळणार असतो. गुलामगिरीची ही उसनवारी पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते आणि तिलाच ‘परंपरा’ हे गोंडस नाव दिले जाते.

ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या मागे पैसा, नातेगोते वा शहरी भाषा आहे, तो निभावून नेतो. खेड्यातून आलेला, राखीव जागेवर प्रवेश घेतलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा मुलगा सहज भक्ष्य ठरतो. मे 2019 मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठांकडून होणाऱ्या जातिवाचक छळाची तक्रार आधीच केली होती, असे तिच्या कुटुंबीयांनी सांगितले. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. पण घरच्यांच्या शब्दाला वेळीच वजन का मिळू नये, हा प्रश्न न्यायालयापुरता नाही. जात, धर्म, प्रांत, रंग वा आर्थिक स्थिती यांवरून होणारा छळ हेही रॅगिंगच आहे, असे आयोगाने 2016 मध्ये विनियमांत स्पष्ट केले, ते उगाच नव्हे.

परिवर्तनवाद्यांना अधिक बोचावे असे दोन प्रसंग त्यानंतर घडले. ऑगस्ट 2023 मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरच्या मजल्यावरून पडून मरण पावला; अटक झालेल्यांत शिक्षण संपवूनही तेथेच राहणारे माजी विद्यार्थी होते. फेब्रुवारी 2024 मध्ये केरळातील वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक विद्यार्थी मृतावस्थेत आढळला. त्याला वसतिगृहात अनेकांच्या देखत मारहाण झाल्याचे तपासात पुढे आले आणि आरोपींत डाव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनेचे पदाधिकारी निघाले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी चळवळ जागती होती, समतेच्या घोषणांनी भिंती रंगलेल्या होत्या. घोषणा बाहेरच्या सत्तेविरुद्ध होत्या; खोलीतल्या सत्तेकडे कोणाचे लक्ष नव्हते.

म्हणून पहिली जबाबदारी संघटनांची आहे. आपल्या कार्यकर्त्यावर आरोप आला, की ‘विरोधकांचे कारस्थान’ म्हणून त्याला पाठीशी घालण्याची सवय मोडली पाहिजे. चौकशी होईपर्यंत त्याला पदावरून दूर ठेवावे, चौकशी संघटनेबाहेरच्या व्यक्तींकडे असावी आणि तक्रारदाराला ‘मिटवून टाक’ असे सांगणाऱ्या नेत्याचे पदही जावे. संघटनेच्या कार्यकारिणीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निवडून आलेला प्रतिनिधी असावा. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या कायद्याने त्या कागदावर परतल्या आणि त्यानंतरही लांबणीवर पडत गेल्या. ज्यांना आपला प्रतिनिधी निवडता येत नाही, त्यांच्यावर ‘दादा’ राज्य करतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांचे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयास त्यांनी लेखी विचारावे: गेल्या वर्षी तक्रारी किती आल्या, सात दिवसांत चौकशी किती प्रकरणांत झाली, पोलिसांकडे किती गेली? नवागतांची राहण्याची व्यवस्था स्वतंत्र आहे काय? शिक्षण संपलेले कोणी वसतिगृहात ठाण मांडून आहेत काय? एकही तक्रार नाही असे उत्तर आले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. भीतीमुळेही फाइल कोरी राहते. 1800-180-5522 हा आयोगाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या हाती पोहोचवावा, आणि तक्रार करणाऱ्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत कोणीतरी चालत जावे. त्याच्या एकटेपणावरच छळणाऱ्यांचे सारे बळ उभे असते.

मौन जोवर संस्थेला स्वस्त आणि पीडिताला महाग पडते, तोवर हमीपत्रांचे ढीग वाढत राहतील. हा हिशेब उलटा करणे हे समतेच्या राजकारणाचेच काम आहे, आणि त्याचा आरंभ स्वतःच्या संघटनेच्या दारातून झाला पाहिजे.