बोटांवरचा धोटा

नागपुरात बर्फ पडत नाही, पण थंडी मात्र हाडांत शिरते. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या घरांना ही थंडी झेपत नाही. संध्याकाळी दारं लागतात आणि सगळं घर एका खोलीत, रजईत शिरून बसतं. अशा वेळी हातांना काहीतरी हवं. मोबाईल सोडून, हे वेगळं सांगायला नको.

भगिनींनो, माझी शिफारस टॅटिंगची. उन्हाळ्यात घामेजल्या बोटांत पांढरा दोरा मळतो, सरकत नाही. हे थंडीतलंच काम. लागतो फक्त बोटभर लांबीचा धोटा आणि क्रोशाचा दोरा. शिकताना जरा जाड, १० नंबरचा घ्या. धोटा मिळाला नाही तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोरा गुंडाळा, चालतं.

धोटा काय असतो हे मोमिनपुऱ्यातल्या किंवा कामठीतल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. मोमिन विणकरांच्या हातमागावर ताण्यातून बाणा नेणारा तोच. हा त्याचा छोटा भाऊ. तुर्की भाषेत तर या लेसला ‘मेकिक ओयासी’ म्हणतात, आणि मेकिक म्हणजे धोटाच. तिथल्या बायका डोक्याच्या रुमालाला हाताने केलेली लेस लावतात. नव्या सुनेच्या रुमालाला मिरच्यांची लेस दिसली की तिचं नवऱ्याशी बिनसलं आहे हे घराने ओळखावं, अशी जुनी रीत सांगतात. तोंडातून एक शब्द न काढता सासूपर्यंत तक्रार! मला ही युक्ती फार आवडते.

आता गाठ. डाव्या बोटांभोवती दोऱ्याचा फास, उजव्या हातात धोटा. धोटा फासाखालून नेऊन वरून परत आणला की अर्धी गाठ. वरून नेऊन खालून आणला की दुसरी अर्धी. सगळी लेस याच जोडगाठीची. मात्र प्रत्येक वेळी धोट्याचा दोरा ताठ ओढायचा आणि डावी बोटं सैल सोडायची. मग गाठ उलटते, म्हणजे फासाच्या दोऱ्याची होते, आणि धोट्याच्या दोऱ्यावर मण्यासारखी सरकते. न उलटलेली गाठ जागीच अडकून बसते, कडं बंदच होत नाही. बहुतेक जणी इथेच कंटाळून धोटा ठेवून देतात. त्यावर उपाय आहे. दोन रंगांचे दोरे टोकाला बांधून घ्या, लाल बोटांवर, पांढरा धोट्यात. गाठ लाल दिसली तर बरोबर. पांढरी दिसली तर लगेच उकला, कारण घट्ट बसल्यावर ती सुटता सुटत नाही.

तरीही जमलं नाही तर मोहल्ल्यातल्या एखाद्या खालांकडे जाऊन बसा. हे काम येणाऱ्या आमच्या भागातल्या बायका आता साठीपुढच्या आहेत. नजर अधू झाली तरी त्यांच्या बोटांना गाठ पाठ आहे. पुस्तकातल्या चित्रात गाठ उलटताना दिसत नाही, त्यांच्या बोटांत दिसते. पुढच्या थंडीवर ढकलू नका.

ओढणीच्या दोन्ही पदरांना मिळून दोन मीटरच्या आसपास लेस लागते. रोज चार बोटं झाली तरी महिना-सव्वा महिन्यात होते. मशीनच्या लेसच्या भावाने मात्र हे काम कुणाला विकू नका. आणि ‘घरीच तर असतेस, मलाही एक करून दे ना’ असं कुणी म्हणालीच, तर तिला शेजारी बसवा आणि तिच्या हातात धोटा द्या. चहा आपण करू.