वाटता येणारे काम, न वाटता येणारे काम

संगणकीय खेळांतील हिंसा आपणांस मान्य नाही. तथापि ते घडविणाऱ्यांची श्रमविभागणी व्यापाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ २००४ साली आला. त्यातील नकाशा तीन टप्प्यांत सिद्ध होतो : भिंती-दालनांची रचना, कोठून काय दिसते याचा हिशेब आणि प्रकाश-छायेची आकडेमोड. शेवटचे दोन टप्पे वेळखाऊ. म्हणून त्यांचे तुकडे करून ते जाळ्यातील अनेक संगणकांस वाटून देण्याची सोय कंपनीने केली. पहिला टप्पा मात्र एकाच यंत्रावर होतो.

या पद्धतीची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखविली होती. समजा, दहा तासांच्या कामापैकी एक तास अविभाज्य आहे. नऊ यंत्रे लावल्यास काम दोन तासांत होईल. नव्वद लावली तरी एक तास सहा मिनिटे लागतीलच.

पेढीवरही हाच न्याय. मालमोजणी, बांधणी, वसुली भावांत वाटता येते; उधारी कोणास द्यावी, हा निर्णय एकाच गादीवर होतो. दिवाळीच्या हंगामासाठी माणसे वाढविण्यापूर्वी काम नेमके कोठे अडते ते पाहावे. ते गादीवरच अडत असेल, तर वाढेल तो केवळ पगाराचा खर्च.