फिर्यादीपूर्वीचे दिवस

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीतील एका विद्यार्थ्याचा धारदार शस्त्राने खून झाला आणि संशयित म्हणून त्याच्याच वयाची अल्पवयीन मुले पुढे आली, तेव्हा बारामती-इंदापूरच्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहिला: ही मुले आपल्या मुलांहून मुळातच निराळी असतात काय?

अमेरिकेतील ग्लूक दांपत्याने बॉस्टनची ५०० गुन्हेगार आणि ५०० निरपराध मुले वय, बुद्ध्यंक, वंश व वस्ती यांची सांगड घालून जोडीजोडीने अभ्यासली आणि आपले निष्कर्ष १९५० साली ग्रंथरूपाने मांडले. बुद्धीचा आणि वस्तीचा भेद असा आधीच वगळल्यावरही गुन्हेगार मुले अधिक आवेगी, संशयी व उद्दाम आढळली. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या घरांचे वर्णन, कारण तेथे पित्याची शिस्त कधी अतिकठोर तर कधी अजिबात नाही, मातेची देखरेख तुटपुंजी आणि माया आटलेली होती.

१९८० साली केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने दाखविले की, समोरच्याचा हेतू संदिग्ध असला म्हणजे आक्रमक मुले त्यात वैरच वाचतात. भिगवण रस्त्यावर कोणी दुचाकीने कट मारला, तर एक मुलगा चार शिव्या हासडून क्लासला जातो. दुसऱ्याला तोच कट जाणूनबुजून केलेला अपमान वाटतो, टोळक्यातला कोणी ‘आता सोडायचा नाही त्याला’ म्हणतो आणि मनातली अढी दिवसेंदिवस घट्ट होत जाते. दोघांमधील अंतर जातीचे नसून मात्रेचे आहे, आणि म्हणूनच ते वेळीच कमी करता येते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे पंधरावे कलम सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिगंभीर गुन्ह्यात मानसशास्त्रज्ञाचे साह्य घेण्याची मुभा बाल न्याय मंडळाला देते, पण तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. बारामतीत त्या खुनानंतर पोलिसांच्या ‘शक्ती अभियाना’च्या तक्रारपेट्या आल्या, हे योग्यच झाले. तथापि पेटीत चिठ्ठी टाकतो तो भ्यालेला मुलगा, सूडाने धुमसणारा नव्हे. त्याला हेरण्यासाठी माणूसच हवा. दोन्ही तालुक्यांतील संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, इमारतीचा पुढचा मजला चढविण्याआधी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका पूर्णवेळ समुपदेशकाची तजवीज करावी.